नेमकी रात्र कोणती?

रमजान म्हटले की आम्हा मुंबईकरांना आठवतो तो मोहम्मद अली रोडवरचा मालपुवा. मशिदीच्या आत काय चालते, हे मीही कधी विचारले नव्हते. उलट गेल्या वर्षी मध्यरात्री जिन्यात वाजणाऱ्या चपलांबद्दल शेजारच्या चाचांकडे कुरकुरच केली.

यंदा मात्र विचारले. तरावीहची नमाज महिनाभर असतेच. शेवटच्या दहा दिवसांत काहीजण मशिदीतच मुक्काम करतात, त्याला एतेकाफ म्हणतात. उत्तररात्री झोपेतून उठून तहज्जुद पढतात. हा सारा जागर शब-ए-कद्रसाठी. तिचे मोल हजार महिन्यांहून, म्हणजे ८३ वर्षांहून अधिक मानलेले. पण ती २१, २३, २५, २७ की २९वी, हे निश्चित नाही! आपली एकादशी कशी, पंचांगात छापून येते. पुष्कळजण सत्ताविसावीच धरून चालतात.

‘‘मग तुम्हीही तेवढीच जागा की. सकाळी दुकान उघडायचे असते,’’ मी म्हणालो.

‘‘आणि ती तेविसावी असली तर?’’ चाचा हसले.

परवा रात्री दोनला दार उघडले, तर चाचा चपला हातात घेऊन जिना उतरत होते.

‘‘घाला हो चाचा,’’ मी म्हणालो.