वीस वर्षांचा वायदा

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी एक भाकीत केले. हायड्रोजन बॉम्बमागील शक्ती वीस वर्षांच्या आत नियंत्रित स्वरूपात मानवाच्या हाती येईल, असे ते भाकीत होते. ती वीस वर्षे संपून आता अर्धे शतक लोटले. रब्बीच्या हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री विहिरीवर जावे लागलेल्या आसेगावच्या शेतकऱ्याने ‘त्या विजेचे काय झाले?’ असे विचारले, तर सरकारने त्याला खरे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर कडू आहे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनची अणुकेंद्रे एक होतात व ऊर्जा प्रकटते. तेच पृथ्वीवर घडवावयाचे तर वायू दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. इतके तप्त द्रव्य कोणत्याही भांड्यात राहणार नाही. म्हणून भिंतीस लागू न देता ते चुंबकीय पिंजऱ्यात अधांतरी धरावे लागते. हा पिंजरा अद्याप पुरता साधलेला नाही. इंग्लंडमधील ‘जेट’ यंत्राने २०२३ साली ६९ मेगाज्यूल ऊर्जा प्रकट करून विक्रम केला. हिशेब केला तर ती सुमारे १९ युनिटे होतात. पाच अश्वशक्तीचा पंप तेवढ्यात जेमतेम पाच तास चालावा! तीही वीज नव्हे, नुसती उष्णता. आणि तिच्यासाठी त्याहून अधिक शक्ती खर्ची पडली.

मग हा उद्योग बंद करावा काय? आमचे उत्तर निःसंदिग्ध नकाराचे आहे. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ हे स्वदेशी बनावटीचे यंत्र सुरू झाले. २०१३ साली अतिसंवाहक चुंबकांच्या ‘एसएसटी-१’ मध्ये पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. दक्षिण फ्रान्समध्ये सात भागीदार ‘इटर’ उभारीत आहेत. त्यात भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के; ज्ञान मात्र सर्वांना सारखेच खुले. त्या यंत्राचे सुमारे ३,८०० टनांचे पोलादी निर्वात कवच सुरतजवळच्या हजिरा येथे घडले. अशी विद्या एका कामापुरती राहत नाही. वाशीमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्राने २०२३ साली मंजुरी दिली. तिलाही विशाल निर्वात नळ्या लागतात आणि तिच्या उभारणीत हीच प्लाझ्मा संस्था भागीदार आहे.

तेव्हा आमचा आक्षेप संशोधनावर नाही, वायद्यांवर आहे. ‘इटर’च्या २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ पर्यंत लांबले आहेत, आणि ते यंत्रही प्रयोगापुरतेच आहे, त्यातून वीज मिळावयाची नाही. हे सत्य जनतेला सांगण्यास सरकारने कचरू नये. खोट्या आशेवर मिळालेला पैसा आशा मावळताच आटतो, आणि मध्येच आटलेल्या अनुदानाने वर्षानुवर्षे तयार झालेले संशोधक पांगतात. म्हणून अनुदान थोडे असले तरी अखंड असावे. किती खर्चले, काय साधले, कोठे फसले, याचा हिशेब दरसाल संसदेपुढे व लोकांच्या भाषेत लोकांपुढे यावा. आणि उद्याच्या सूर्याचे नाव सांगून आजच्या विजेची जबाबदारी कोणी टाळू नये.

नातवासाठी आंब्याची कोय लावणारा शेतकरी त्याच उन्हाळ्यात कोणाला आमरसाचे आमंत्रण देत नाही. पण म्हणून तो कोय फेकूनही देत नाही. तो तिला नेमाने पाणी घालतो आणि पोटासाठी ज्वारीही पेरतो. सरकारने एवढे शहाणपण दाखवावे. कोयीला पाणी घालीत राहावे, आणि तोवर आसेगावच्या विहिरीवर भरदिवसा वीज पोहोचवावी.