सही करण्यापूर्वी

आम्हां डॉक्टर मंडळींना संमतिपत्रावर रुग्णाची सही घेण्याची सवय असते. स्वतःवर सहीची वेळ आली, की मात्र आपणही मजकूर वाचत नाही. आपल्या बडोद्यातील अनेक ज्येष्ठ व्यवसायबंधूंच्या कपाटांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेले समभाग आहेत. एके दिवशी पत्र येते, की प्रवर्तक उर्वरित सर्व भाग विकत घेऊ इच्छितात. प्रत्येक भागास अमुक रुपये मिळतील. ते घ्यावेत, की हरकत घ्यावी?

कॅडबरी इंडियाचे उदाहरण येथे बोलके आहे. २००२ साली परदेशी मूळ कंपनीने प्रत्येक भागास ५०० रुपये देऊ केले. बहुतेकांनी ते स्वीकारले आणि कंपनी शेअर बाजाराच्या सूचीतून बाहेर पडली. मागे राहिलेल्यांचे भाग भांडवल-कपातीच्या योजनेने १,३४० रुपयांस रद्द करण्याचे २००९ मध्ये ठरले. काहींनी मुंबई उच्च न्यायालयात आक्षेप नोंदविला. स्वतंत्र मूल्यांकन झाले. आकडा प्रथम १,७४३ आणि अखेरीस २,०१४.५० रुपयांवर पोहोचला. २०१४ मध्ये त्याच भावाने योजना मंजूर झाली. त्याहून अधिक भावाची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही.

यावरून ‘नेहमी लढावे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या लढ्यास सुमारे पाच वर्षे लागली. सूचीबाहेरच्या भागांना सहजी गिऱ्हाईक मिळत नाही. पंचाहत्तरी गाठलेल्या, औषधपाण्यासाठी पैसा हवा असलेल्या गृहस्थाने मिळेल तो भाव घेतला, तर त्यास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु स्वीकार करणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे. कंपनीने नेमलेल्या मूल्यांकनकाराचा आकडा म्हणजे एक मत होय, अंतिम निदान नव्हे. मूल्यांकनाचा अहवाल मागवावा. कोणती पद्धत वापरली, जमिनी व नाममुद्रा यांचे मोल धरले का, हे विचारावे. शिवाय, सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार सूचीबाह्य झालेल्या कंपनीत मागे राहिलेल्यांना किमान एक वर्षपर्यंत त्याच भावाने भाग देता येतात. तेव्हा पत्र येताच घाबरण्याचे कारण नाही.

एकट्या भागधारकाचा आवाज क्षीण असतो. म्हणून माझी सूचना अशी, की ज्यांच्याकडे एकाच कंपनीचे भाग असतील, अशा सभासदांनी एकत्र येऊन अनुभवी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. कठीण रोगात दुसरे मत घ्या, असे आपण रुग्णांस आवर्जून सांगतो. आयुष्यभराच्या पुंजीलाही तोच न्याय लावावा.