पाहणारा तो पाहुणा

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, की निबंधाच्या पहिल्या तासाला ‘मी पाहिलेले स्थळ’ हा विषय द्यावयाचा, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. यंदाही तो दिला. वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हा पाच-सहा मुले थेट हिमालयात जाऊन आलेली आढळली. कोणी नैनितालचे सरोवर वर्णिले होते, कोणी मसुरीचे धुके, तर कोणी अल्मोड्याच्या डोंगरांतील जुनी देवळे. वाचून समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज विचारले, “गाविलगड कितीजणांनी पाहिला आहे?” चिखलदऱ्यास तर बहुतेक सर्वजण जाऊन आलेले, तेथील भाजलेली कणसेही सर्वांनी खाल्लेली. परंतु गडाच्या दरवाजातून आत पाऊल टाकणाऱ्यांचे हात वर आले ते अवघे सात! काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण शिकविण्यास मला त्या दिवशी वेगळे उदाहरण शोधावे लागले नाही.

हिमालय पाहू नये, असे मी म्हणत नाही. ज्यास ते भाग्य लाभेल त्याने अवश्य जावे. परंतु जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या काळ्या पाषाणावर गाविलगड उभा आहे, तो हिमालयाहूनही वडील आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. हिमालय उंचावू लागला तो त्यानंतर. धाकट्याच्या भेटीस हजार मैल जावे आणि दारातील वडिलांस ओळखही देऊ नये, हे आपल्या रीतीस शोभत नाही.

आणि दारात आहे तरी काय? अचलपूरपासून दोन कोसांवर चम्मक नावाचे खेडे आहे. तेथे गेल्याच्या गेल्या शतकात शेत नांगरताना ताम्रपट सापडले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पंधराशे वर्षांपूर्वी हे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा तो लेख आहे. त्यात एक अट आहे : दान घेणाऱ्यांनी राज्याचा द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांस उपद्रव देऊ नये, तसे केल्यास राजाने ही भूमी परत घेतली तरी त्यास चोरीचा दोष लागणार नाही. दानालाही जबाबदारीची जोड देणारा हा विचार आपल्या मातीतून निघाला. मोर्शीच्या वाटेवरील रिद्धपुरास गोविंदप्रभू नांदले आणि तेथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्या भाषेत हा लेख तुम्ही वाचीत आहा, तिच्या गद्याचा पाळणा तेथे हलला. खुद्द आपल्या शहरात शाह दूल्हा रहमान यांचा दर्गा आहे, इमादशाहीची आठवण देणारा आठकोनी हौजकटोरा आहे, आणि सापन व बिचन या दोन नद्या आहेत. सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरे आहेत. ती आज मध्य प्रदेशाच्या हद्दीत असली, तरी त्यांची वाट आपल्या परतवाड्यावरूनच जाते.

येथे पालकवर्गाशी दोन शब्द बोलणे मला प्राप्त आहे. गेल्या वर्षी मुक्तागिरी, दर्गा व गाविलगड अशी सहल काढण्याचे ठरले, तेव्हा तीन प्रकारचे निरोप माझ्याकडे आले. एका ख्रिस्ती बंधूंनी विचारले, “आपल्या मुलांनी देवळात कशास जावे?” एका हिंदू गृहस्थांनी विचारले, “मिशनच्या शाळेने आमच्या मुलांस दर्ग्यात कशास न्यावे?” आणि एका मुसलमान मातेने मुलाकरवी विचारले, की तेथे मूर्तीपुढे वाकावे तर लागणार नाही ना? तिन्ही प्रश्न प्रामाणिक होते. तिघांच्याही मनात भीती एकच होती : आपले मूल आपल्यापासून दुरावेल काय?

माझे उत्तर असे आहे. आपण कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जातो, तेव्हा त्या घरचे होत नाही. परंतु त्या घरची रीत पाळतो. वहाणा बाहेर काढतो, आवाज खाली ठेवतो, यजमान जेथे बसावयास सांगतील तेथे बसतो. पूजा करणे निराळे आणि मान राखणे निराळे. पहिले कोणावरही लादू नये. दुसरे कोणासही माफ असू नये. आमच्या पवित्र शास्त्रातील पौल अथेनै नगरीत गेला, तेव्हा तेथील लोकांची पूजास्थाने त्याने फिरून नीट पाहिली आणि मगच त्यांच्याशी बोलावयास उभा राहिला. त्याची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही. आमच्या मंदिरात उपासना चालू असता कोणी मोठ्याने हसत छायाचित्रे काढू लागला, तर आम्हांस जे वाटेल तेच मुक्तागिरीच्या यात्रेकरूस आपल्या मुलांकडे पाहून वाटेल. शेजाऱ्याचे मंदिर आतून पाहिलेला मुलगा शेजाऱ्याविषयी ऐकीव गोष्टींवर सहसा विश्वास ठेवीत नाही. आजच्या दिवसांत हा लाभ मी लहान समजत नाही. सहल निघाली. तिन्ही घरची मुले आली, आणि जशी गेली तशीच आपापल्या घरी परतली. फक्त अधिक जाणती होऊन.

आता त्या सहलीतील एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

गाविलगडी आम्ही सकाळीच पोहोचलो. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 साली हा गड बांधिला, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्यापूर्वी येथे गवळ्यांचे ठाणे होते, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. शार्दूल दरवाजावर वाघ व दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेले आहेत, ते मुलांनी वह्यांत रेखाटले. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजी फौजांनी डोंगरांतून तोफा ओढीत आणून उत्तरेकडील तट कसा फोडिला, 15 तारखेस किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कसा पडला, आणि दोनच दिवसांनी भोसल्यांस देवगावचा तह कसा करावा लागला, हे मी त्याच तटावर बसून सांगितले. वर्गात पेंगणारी मुलेही डोळे मोठे करून ऐकत होती.

नंतर आम्ही वरच्या मशिदीकडे गेलो. तिच्या चुन्याच्या गिलाव्यावर शेकडो नावे खरवडलेली आहेत. बाण, बदाम, तारखा यांची तर गणतीच नाही. मी संतापून बोलू लागलो. इतक्यात इयत्ता आठवीचा एक मुलगा कोपऱ्यातून ओरडला, “सर, इथे तुमचे नाव आहे!”

ते माझेच होते. तेरा वर्षांचा असता अशाच एका सहलीत खिळ्याने मी ते कोरिले होते, आणि पुढे साफ विसरून गेलो होतो. “त्या नावाचा दुसरा कोणी असेल,” हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले. परंतु मुले पाहत होती. मी म्हणालो, “माझेच आहे. मी परक्याच्या प्रार्थनास्थळात पाहुणा म्हणून आलो आणि चोरासारखा वागलो.” कोणी हसले नाही. ज्याने नाव वाचून दाखविले होते, त्याच्या मुठीत एक टोकदार खडा होता. तो त्याने हळूच खाली टाकिला.

प्राचीन स्मारकांची नासधूस करणाऱ्यास कैद व दंड ठरविणारा कायदा 1958 पासून देशात आहे. तथापि शिपाई प्रत्येक दगडापाशी उभा राहू शकत नाही. तेथे मनाचाच पहारा हवा. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज यात्रेस जात ते हातात खराटा घेऊन. आपण बहिरमच्या यात्रेस जातो, रोडगे व वांग्याची भाजी खातो, आणि पत्रावळी व प्लास्टिकचे पेले तेथेच टाकून येतो. सातपुडा तोंडाने बोलत नाही, म्हणून त्यास लाज वाटत नसेल असे नाही.

विद्यार्थिमित्रहो, येत्या हिवाळ्यात एक रविवार असा काढा. घरातील वडील मंडळींस बरोबर घ्या. आजोबांस ठाऊक असलेल्या गोष्टी वाटेने विचारा. जेथे जाल तेथील एक गोष्ट आधी वाचून जा व एक गोष्ट लिहून आणा. जेथे कोणी प्रार्थना करीत असेल तेथे दोन क्षण मुकाट्याने उभे राहा. आणि परत निघताना मागे वळून पाहा : तुम्ही येऊन गेल्याची एकही खूण तेथे राहिली नसेल, तर तुमची सहल साधली.

माझे नाव त्या भिंतीवर आजही आहे. ते पुसावयास जावे, तर गिलावाच निघतो. यंदाची सहलही गाविलगडासच न्यावयाची, आणि त्या कोपऱ्यात मुलांस मीच उभे करावयाचे, असे मी ठरविले आहे.