डोरेमॉन निळा कसा झाला?

आमच्या नंदनवनातील मुलांमध्ये सुट्टीच्या दिवशी डोरेमॉनवरून वाद रंगतो. हा यंत्र-बोका मूळचा पिवळा, मग निळा कसा झाला? एक म्हणतो, यंत्र-उंदराने त्याचे कान कुरतडले. आरशात ते रूप पाहून धसक्याने तो निळा पडला. दुसरा म्हणतो, छे! त्याने दुःखाचे औषध चुकून घेतले. रडता रडता पिवळा रंग गळून गेला. मग गोष्ट 'तुला काय समजते?' इथवर जाते आणि मोठी माणसे दोघांनाही दटावतात.

पालकहो, दटावू नका. दोघेही खरेच सांगतात! पुढे फुजिको एफ. फुजिओ या नावाने ओळखले गेलेले जपानी चित्रकार हिरोशी फुजिमोतो यांची ही चित्रकथा १९७० साली सुरू झाली. धसक्याची हकिकत जुनी, औषधाची १९९५ च्या चित्रपटातली. नोबितासुद्धा चित्रकथेत चौथीत आणि टीव्हीवर पाचवीत आहे. कथा पुन्हा सांगताना बदलत जाते.

म्हणून आम्ही म्हणतो, मुलांना दोनच प्रश्न विचारा. हे तू कुठे पाहिलेस? ते कधीचे आहे? ही सवय लागलेले मूल उद्या पुढाऱ्याचे भाषण आणि मोबाईलवरचा निरोपही तपासून घेईल. आणि दुसऱ्याचा पुरावा पटला तर 'तुझे बरोबर' म्हणण्यात हार नाही, हेही त्याला इथेच शिकवता येईल.