गाठीला टीबी म्हणण्याआधी

एचआयव्ही असलेल्या बाईच्या मानेवर गाठ आली की आपण लगेच म्हणतो, 'टीबीच असणार.' बहुतेकदा तो असतोही. आमच्या वस्तीतली एक ताई सहा महिने टीबीच्या गोळ्या घेत होती. गाठ वाढत होती आणि मी तिला "धीर धर" म्हणत होते. शेवटी गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा लिम्फोमा निघाला. तो लसिका ग्रंथींचा कॅन्सर. उपचारांना उशीर झाला, त्यात माझाही वाटा आहे.

१९६४ साली सापडलेला एप्स्टीन-बार विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच शरीरात असतो. तो बहुधा लहानपणी लाळेतून येतो आणि रक्तातल्या 'बी' पेशींत दडून राहतो. 'टी' पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. एचआयव्ही नेमका हा पहाराच मोडतो. मग त्या 'बी' पेशी बेसुमार वाढतात आणि काही जणींना कॅन्सर होतो. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे? तरी सासरी बोल तिलाच लागले. नवऱ्याच्या तपासण्या आधी झाल्या, तिची पाळी शेवटी आली.

२००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. ती नियमित घेतली तर हा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच. म्हणून मैत्रिणींनो, तिच्यासोबत दवाखान्यात जाऊ या आणि न संकोचता विचारू या : "गाठीचा तुकडा तपासलात का?"