जिवंत काडतूस

वर्तमानपत्रात आठवड्याआड एक बातमी असते. तिचा मजकूर छापखान्यात एकदाच जुळवून ठेवलेला असावा असा माझा संशय आहे. ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ गाव बदलते, आरोपीचे वय बदलते, पण कट्टा आणि काडतुसे ठरलेली. माझे भांडण त्या काडतुसांशी आहे. ज्याच्याकडे परवाना नाही, पावती नाही, पुष्कळदा धड मिसरूडसुद्धा नाही, त्याला ही जिवंत काडतुसे मिळतात कुठून? कारण आमच्या घराण्यात १९४९ सालापासून रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे, एकदाही मुदत चुकवलेली नाही, आणि गेली अकरा वर्षे आम्हाला एक काडतूस मिळालेले नाही.

मी बंदूकवाला माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. माझ्या हातून आजवर सुटलेली सर्वांत घातक वस्तू म्हणजे स्टेपलरची पिन. रिव्हॉल्व्हर आमच्या काकांचे. काकांचे वय अठ्ठ्याहत्तर. काकू गेल्यापासून ते जिंतूर रस्त्याकडच्या आखाड्यावर एकटेच राहतात. शहरात या म्हटले की म्हणतात, “कामून? तुझ्या फ्लॅटात पाय लांब केला तर शेजाऱ्याला लागायलाय.” सोबतीला एक कुत्रा आणि ते रिव्हॉल्व्हर. पोलीस ॲक्शन झाली तरी रझाकारांची धास्ती अंगातून गेली नव्हती, तेव्हा आजोबांनी रीतसर परवाना काढून ते हैदराबादहून आणले. तेव्हा आमची राजधानीच हैदराबाद होती.

आता जरा हिशेबाचे बोलू. रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचे. ‘बत्तीस’ म्हटले की दुकानदार आनंदाने मान डोलावतो. पण बत्तीसमध्ये पोटजाती आहेत, आणि त्या आपल्यासारख्याच एकमेकींत सोयरीक करीत नाहीत. पिस्तुलाचे बत्तीस वेगळे. रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसमध्ये पुन्हा शॉर्ट आणि लाँग. शॉर्ट हे थोरले भावंड. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने ते १८७८ साली काढले. लाँग आले १८९६ साली. लाँगचे पितळी कवच साधारण २३ मिलिमीटर, शॉर्टचे १५. काकांचे रिव्हॉल्व्हर शॉर्टचे. लाँग त्याच्या चक्रीत शिरतच नाही. फरक बासमतीच्या एका दाण्याएवढा, पण त्या दाण्यात आमचे सगळे घराणे अडकले आहे.

लाँग आपल्याकडे होते, आणि तेही परमुलखात नव्हे, आपल्या खडकीला. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. २०२१ साली सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या आणि दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात थाटले. आम्हाला वाटले, एकाच्या सात झाल्या, एखादीला तरी आमची दया येईल. पण ज्या ज्या दुकानदाराला विचारले त्याने हेच सांगितले की शॉर्ट कुणाच्याच यादीत नाही. परदेशातून मागवावे म्हटले, तर साध्या माणसासाठी ती वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. नेमबाज खेळाडूंना सवलत आहे. काकांनी विचारले, “अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नेमबाज होता येते का रे?” मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

तरी आम्ही हिंडलो. काडतुसे परवान्यावर चढवून मिळतात, तेव्हा परवानेवाला समक्ष हवा. म्हणून मी, काका, काकांचा गुडघा आणि पिशवीत परवाना अशी चौकडी निघाली. परभणीत ‘नाही’ मिळाले. नांदेडच्या दुकानदाराने पिस्तुलाची काडतुसे पुढे ठेवली आणि म्हणाला, “काका, बत्तीस ते बत्तीसच.” हा न्याय मी कॅश काऊंटरवर लावला, शंभर रुपये ते शंभरच, मग ते शंभर येन का असेनात, तर संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात पडेल. पुढे तपोवन एक्सप्रेसने छत्रपती संभाजीनगर गाठले. तिथला दुकानदार सज्जन होता. त्याने चहा पाजला, काकांजवळची सहा जुनी काडतुसे पाहिली (ती काकांच्या लग्नाच्या सुमाराची असून आता तांब्याच्या तपेल्यासारखी हिरवी पडली आहेत) आणि म्हणाला, “उडाली तर उडाली.” म्हणजे बनी तो बनी, नहीं तो परभणी. हे तर आम्हाला घरबसल्या ठाऊक होते.

परतल्यावर स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आमचे बोलणे एका तरुणाने ऐकले. जवळ सरकून म्हणाला, “काका, एवढं कामून हिंडायलात? परवाने-बिरवाने सोडा. दोन दिवसांत कट्टा, वर काडतुसं.” मला घाम फुटला. काका शांतपणे म्हणाले, “लेकरा, बापानं कायद्यानं आणलं, मी बेकायदा कसं भरू?” मग घरी येईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला, आणि तो त्या पोरावर नव्हता.

कारण पाहा, सरकारला सगळे ठाऊक आहे. पूर्वी तीन वर्षांनी आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी ते आमचा परवाना नवा करते, फी घेते, फोटो घेते, काका हयात आणि सज्जन असल्याची खात्री करून घेते. परवान्याला आधारसारखा एक क्रमांकही दिला आहे. फक्त काडतूस मिळेल की नाही, हे विचारायला कुठल्याच अर्जात रकाना नाही. आमच्या बँकेने खाते चालू ठेवले, पासबुक भरून दिले, केवायसी तर दर वर्षी मागितली, पण पैसे कधीच काढू दिले नाहीत, तर लोक काऊंटरवर चढतील. (तसे एरवीही चढतात, पण ते असो.)

लोक म्हणतात, देऊन टाका ना सरकारला. देऊ, पण फुकट का? भंगारवाला रद्दीचेसुद्धा पैसे देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे. कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून ठेवलेले किंवा मोडके हत्यार जर दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल, तर त्याला कायदा लागत नाही. म्हणजे कायद्याने हत्याराच्या म्हातारपणाचा विचार केला, आजारपणाचा केला, उपासमारीचा केला नाही. काकांचे रिव्हॉल्व्हर ठणठणीत आहे, तेल पिऊन चकचकते. त्याला फक्त खायला मिळत नाही. माझे मागणे एवढेच की एकतर वर्षाकाठी शॉर्टची चार खोकी काढा, नाहीतर ज्या जातीचे काडतूस देशात मिळत नाही तिची यादी लावा आणि योग्य किंमत देऊन ती हत्यारे घेऊन जा. पोटाला देत नाही आणि पोशिंद्याकडून फी घेता, हा कुठला व्यवहार? कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात हा मला सापडलेला नाही.

दोन्ही निवडणुका २०२४ सालीच झाल्या, एप्रिलमध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा. शांतता भंग होऊ नये म्हणून काकांनी दोन्ही वेळा हत्यार ठाण्यात जमा केले. दुसऱ्या वेळी मी बरोबर होतो. हवालदारसाहेबांनी रिव्हॉल्व्हर लिहून घेतले, हिरवी काडतुसे मोजली, आणि रकान्यापाशी पेन थांबवून विचारले, “काका, ही सहा जिवंत का?”

काका म्हणाले, “साहेब, मी आहे तशीच लिहा.”