डोळ्यांचा दाब आणि माकडांचे ऋण

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजोबांना अंधुक दिसू लागले की घरची मंडळी म्हणतात, ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू.’ मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मात्र कधीच मिळत नाही, आणि तो सहसा दुखतही नाही. बाजूचे दिसणे आधी जाते. आजी उंबरठ्याला वारंवार ठेचकाळत असतील, तर दोष केवळ वयाला देऊ नका.

डोळ्यात सतत पाझरणाऱ्या द्रवाचा निचरा अडला की दाब वाढतो व दृष्टीची नस सुकत जाते. सर्वसाधारण दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. मात्र दाब या मर्यादेत असूनही काहींना काचबिंदू होतो, म्हणून नसेचीही तपासणी करून घ्यावी.

या निचऱ्याची रचना माकडात जवळजवळ आपल्यासारखीच असल्याने काचबिंदूचे बरेच संशोधन माकडांवर झाले. तेथे अडचण मोजमापाचीच होती. भूल द्यावी तर औषधाने दाब बदलतो, न द्यावी तर धडपडीने वाढतो. अखेर काही प्रयोगशाळांनी फळांच्या रसाचे घोट देऊन माकडांना स्थिर बसण्याची सवय लावली. बुबुळाला क्षणभर टेकून परतणाऱ्या बारीक सळईच्या यंत्राने तर डोळा बधिर करण्याचीही गरज उरली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असलेले लॅटानोप्रोस्टचे थेंब अमेरिकेत 1996 साली मान्य झाले, त्यामागेही माकडांवरील चाचण्या आहेत. या मुक्या प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न मला अस्वस्थ करतो, हे लपवीत नाही.

माकडांचा हा धडा आपल्यालाही लागू आहे. दाब मोजताना श्वास रोखू नका, गळ्याशी घट्ट असलेले बटण सैल करा, पापण्या आवळू नका, अन्यथा आकडा उगाच वाढतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहावी. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली सामान्यतः शीतकपाटात ठेवतात, उघडलेली सहा आठवड्यांनंतर टाकून द्यावी. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबावा. दुसरे औषध घालायचे असल्यास पाच मिनिटे थांबावे. आणि डोळा लाल झाला म्हणून औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नयेत, त्यांनीही दाब वाढतो.